बारा फेरे

सकाळी ६.१०

शटर अर्धंच वर केलं. उद्यमनगरात नऊच्या आत लेथ सुरू होत नाहीत, त्यामुळं या वेळेला आमच्या गल्लीत कोंबड्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. भाचा दुकानातच बाकावर झोपला होता. गगनबावड्याकडच्या अक्काच्या घरी पहिल्या पावसात लाइट जाते ती कधी कधी चार-चार दिवस येत नाही. झाड तारेवर पडतं, वायरमन दुसऱ्या गावात अडकलेला असतो. म्हणून ही बॅटरी बँक. सोळा सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट आणि २८० अँपिअर-तास. सगळे मिळून ५१.२ व्होल्ट, म्हणजे साधारण १४ युनिट वीज आणि नुसत्या सेलचं ८६ किलो वजन.

पहिलं काम अंगावरचा धातू उतरवायचं. घड्याळ, अंगठी, भाच्याच्या गळ्यातली चेन, सगळं बिस्किटाच्या डब्यात. माझं तांब्याचं कडं साबण लावल्याशिवाय निघत नाही, तरी काढलं. भाचा म्हणाला, "मामा, बावन्न व्होल्टचा काय शॉक बसतोय व्हय?"

शॉकची भीती नाहीच. भिंतीवर खिळ्याला एक तेरा नंबरचा पाना टांगलाय, तो त्याला दाखवला. त्याच्या जबड्याला उंदरानं कुरतडल्यासारखा चावा आहे. पंधरा वर्षांपूर्वी साध्या ट्यूब्युलर बॅटऱ्या जोडताना तो हातातून सुटला आणि दोन टर्मिनलवर आडवा पडला. टण् असा आवाज, डोळ्यांपुढं निळं पांढरं, आणि पाना तिथंच चिकटलेला. त्या जागी माझी अंगठी असती तर बोट राहिलं नसतं. आज वापरायच्या पान्यांना मुठीपासून तोंडापर्यंत टेप गुंडाळलीय, नुसता जबडा उघडा.

७.००

सेल बाहेर काढले. निळ्या प्लास्टिकची पातळ फिल्म चढवलेली ॲल्युमिनियमची डबी. १७४ मिलिमीटर रुंद, ७२ जाड, उंची २०४ च्या आसपास, वजन साडेपाच किलोला थोडं कमी. डोक्यावर दोन टर्मिनल, आणि मधोमध नाण्याएवढी पातळ झडप. आत गॅस झाला तर ती फुटून वाट देते. तिच्यावर काही ठेवायचं नाही, टेप लावायची नाही, पट्टी ओढायची नाही. सेल ठेवायचा तो उभाच.

मल्टिमीटरवर सगळे ३.२९. कारखान्यातून येताना सेल पूर्ण भरलेले नसतात, साधारण तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के भरलेले असतात. आवळायला हीच अवस्था बरी. भरलेला सेल फुगलेला असतो, तेव्हा आवळला की रिकामा झाल्यावर ढिला पडणार.

मग अंतर्गत रोध. छोट्या मीटरवर ०.१७ ते ०.१९ मिलिओहम येत गेलं. अकराव्या सेलनं ०.२४ दाखवलं, भाच्यानं लगेच त्यावर स्केच पेननं फुली मारली. म्हटलं थांब. टर्मिनल घासलं, प्रोबची टोकं नीट मधोमध टेकवली, ०.१८. फुली पुसायला स्पिरिट लागलं. मोजमापात आधी स्वतःच्या हातावर संशय घ्यावा, मग सेलवर.

७.५०

चहा. आणि भाच्याचा प्रश्न, जो मीही एकेकाळी विचारला होता: ॲल्युमिनियमच्या बंद डबीत बसलेला सेल आवळायचा कशाला?

सेलच्या आत तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे कागदासारखे पातळ पत्रे, त्यांवर ग्रॅफाइटचा आणि लोह-फॉस्फेटचा लेप, मध्ये विभाजक, आणि हे सगळं एकावर एक दाबून बसवलेलं. चार्ज करताना लिथियम फॉस्फेटमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांत शिरतं. ग्रॅफाइट साधारण दहा टक्के फुगतं, फॉस्फेट थोडं आक्रसतं. दोन्हींची वजाबाकी होऊन सेल जाडीला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढतो, डिस्चार्ज झाला की परत बसतो. छाती वरखाली व्हावी तसं. बाजूनं धरलं नाही तर डबीचा रुंद चेहरा ढोलासारखा फुगतो. हजारो वेळा असं झालं की थर एकमेकांपासून सुटायला लागतात, मध्ये गॅसचे बुडबुडे अडकतात, आणि सुटलेल्या जागी लिथियम ये-जा करत नाही. म्हणून या सेलच्या डेटाशीटवर जो ६००० आवर्तनांचा आकडा आहे तो ३०० किलो बलाच्या शिकंज्यात, २५ अंश तापमानाला धरलेल्या सेलचा आहे. आकडा सगळे वाचतात. शिकंजा आणि तापमान बारीक अक्षरात असतं.

३०० किलो ऐकून भाच्याच्या डोळ्यांत चमक आली. म्हणाला, "मग सोळा सेलला अठ्ठेचाळीसशे किलो?"

नाही. त्याला टेबलावरच्या पाच वह्या दोन तळहातांत आडव्या धरायला लावल्या. दाब पहिल्या वहीवर जेवढा, तेवढाच पाचव्या वहीवर. वह्या वाढवल्या म्हणून जोर वाढवावा लागत नाही. रांगेत आठ सेल असोत की सोळा, दोन टोकांच्या प्लेटमध्ये बल ३०० किलोच. सेलचा चेहरा साडेतीनशे चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोसुद्धा नाही. चार रॉड लावले की एका रॉडच्या वाट्याला ७५ किलो.

आम्ही सोळांची एक लांब रांग न करता आठ-आठच्या दोन रांगा करतोय. त्याचं कारण स्प्रिंगमध्ये आहे.

९.००

गल्ली जागी झाली. समोरच्या मिस्त्रींनी काल दहा मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या चार प्लेटा कापून, कोपऱ्यांना भोकं पाडून दिल्या. बरेच जण प्लायवूड वापरतात. स्वस्त पडतं, आणि कोरड्या गावात चालूनही जातं. पण गगनबावड्याचा पाऊस प्लायला फुगवतो, शिवाय बॅटरीभोवती जळणारी वस्तू कशाला ठेवा? प्लेटच्या पाठीला चौकोनी पाइपचे दोन आडवे तुकडे आहेत. ते नसतील तर चार कोपरे आवळल्यावर प्लेट धनुष्यासारखी वाकते आणि मधला भाग सैल राहतो. सेलला आधार तर मधोमधच हवा असतो.

आता स्प्रिंगा. आठ हव्या होत्या, दहा आणल्या. मोकळी लांबी ६० मिलिमीटर. स्प्रिंगवाल्यानं सांगितलं, मिलिमीटरला पाच किलो. सांगितलेल्या आकड्यावर ८६ किलो लिथियम बांधायची माझी तयारी नाही. ड्रिल मशीनच्या टेबलावर घरातला माणसं तोलायचा वजनकाटा ठेवला, त्यावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर स्प्रिंग. चकमध्ये ड्रिलऐवजी एक सपाट गोल तुकडा पकडला. हँडल खाली ओढायचं, व्हर्नियरनं लांबी बघायची, काट्यावरचं वजन वाचायचं. भाचा हँडलवर, मी व्हर्नियरवर.

४५ मिलिमीटर लांबीला पहिली ७६ किलो. दुसरी ७४. तिसरी ७५. चौथी ८४. पुन्हा बघितली, ८४. पाचवी ७५... दहांपैकी दोन बाजूला गेल्या, ही ८४वाली आणि एक ६८वाली, जिचं एक टोक नीट घासलेलं नव्हतं आणि दाबताना ती कुशीवर वळत होती. उरलेल्या आठांवर मार्करनं वजन लिहिलं.

हा तास भाच्याला फुकट गेल्यासारखा वाटला. मला दिवसातला सगळ्यात कामाचा वाटतो. स्प्रिंग नसली तर जोर मोजायचा तो नट किती घट्ट फिरतो यावरून, आणि तो हिशोब हाताला कळत नाही. ८ मिलिमीटरच्या आट्याच्या रॉडवर ७५ किलो ओढ आणायला नटावर लागतो फक्त सव्वा न्यूटन-मीटर. पाण्याच्या बाटलीचं झाकण जरा दमदार बंद करताना लागतो तेवढा. आणि आपण काय करतो? पंधरा सेंटिमीटरचा पाना घेतो, पंधरा किलोचा जोर लावतो, तिथंच बावीस न्यूटन-मीटर होतात. त्या हिशोबानं एका रॉडवर दीड टनाच्या जवळ, चारांवर साडेपाच टनांच्या वर. तीनशे किलोच्या जागी.

हे मी केलंय. २०२१ साली स्वतःच्या दुकानासाठी पहिली बँक बांधली तेव्हा. प्लायच्या फळ्या, चार रॉड, आणि तीस वर्षं मोटारींचे फाउंडेशन बोल्ट आवळलेला हात. फळीत वायसर रुतेपर्यंत आवळलं आणि वर शाबासकी घेतली, "हलणार नाही आता जन्मात." आठ महिन्यांत मधले दोन सेल नुसते ठेवले तरी दोन दिवसांत खाली यायला लागले. खोलून बघितलं तर फळ्या वाकलेल्या, आणि त्या दोन सेलच्या कडांवर दाबाचे वळ. विभाजक आत कुठं तरी चिरडला असणार. ते सेल मी रीसायकलवाल्याला दिले आणि त्या दिवशी घरी कोणाशी बोललो नाही. मुद्दाम सांगतो, अजिबात न आवळता नुसते शेजारी शेजारी नीट उभे केलेले सेल माझ्या पाहण्यात बरी वर्षं चाललेत. जास्त आवळलेले चाललेले पाहिले नाहीत.

१०.४५

रांग लावायला घेतली. लोखंडी स्टँडच्या तळाला हायलमची, म्हणजे कडक इन्सुलेशन शीटची, पट्टी. सेलचं वजन तिच्यावर येतं, दाबावर नाही. सेल दोन प्लेटांच्या चिमटीत अधांतरी धरायचे नसतात, हे वेगळं सांगावं लागतं कारण तसं केलेलं मी पाहिलंय.

मग दोन सेलच्या मध्ये अर्ध्या मिलिमीटरची ग्लास-इपॉक्सी शीट. भाच्यानं रिवायंडिंगच्या कपाटातून लेदरॉइड कागद काढला होता. मोटारीत तो कागद व्हार्निश पितो म्हणून टिकतो. इथं दमट हवेत तो पाणी पिईल. आणि इन्सुलेशन हवंच, कारण ती ॲल्युमिनियमची डबी निर्जीव नसते. मल्टिमीटरचा एक प्रोब ऋण टर्मिनलवर ठेवला, दुसरा तळाच्या कडेला फिल्मच्या जोडाखाली डबीला लागेपर्यंत टेकवला. ३.१ च्या पुढं आकडा थरथरत राहिला. म्हणजे डबी धन बाजूला आतून कुठं तरी बांधलेली आहे. शेजारच्या सेलची डबी तिच्यापेक्षा एका सेलच्या फरकानं वर किंवा खाली. दोन्हींच्या मध्ये केसाएवढ्या जाडीची निळी फिल्म, आणि रोज अर्धा मिलिमीटर घासाघीस. एक वाळूचा कण पुरे. म्हणून प्रत्येक सेल ठेवण्याआधी चेहरा कापडानं पुसायचा, हात फिरवायचा. चौथ्या सेलला भाच्याच्या बोटाला काही तरी लागलं. ॲल्युमिनियमचा एक कीस, कालच्या प्लेटा कापताना उडालेला, मोहरीच्या अर्ध्याएवढा. त्यानं तो नखावर घेऊन उजेडात धरला आणि काही बोलला नाही. पुढचे सगळे सेल त्यानं दोनदा पुसले.

एक सेल सरळ, दुसरा उलटा, धन-ऋण आळीपाळीनं. पाचव्यापाशी मिस्त्री गप्पा मारायला आले आणि भाच्यानं सहावा पाचव्यासारखाच ठेवला. मी बघितलं होतं, पण बोललो नाही. त्यानं मीटर लावल्यावर बेरीज चुकली तेव्हा त्याचं त्यालाच कळलं.

रांगेच्या दोन्ही टोकांना एक मिलिमीटर हायलम, मग प्लेट. चारही रॉडवर आधीच स्लीव्ह चढवून गरम हवेनं बसवून घेतलीय, नुसती टोकं मोकळी. रॉड टर्मिनलच्या उंचीजवळून जातो, उघडा लोखंडी रॉड तिथं नको.

एक प्लेट स्टँडला बोल्टनं पक्की. दुसरी मोकळी, तिच्या पायाला लांबट भोक. फुगणाऱ्या रांगेला सरकायला जागा हवी.

१२.२०

ऊन पत्र्यावर आलं. पंखा बंद केला, कारण तो कीस उडवतो. मोकळ्या प्लेटच्या बाहेर प्रत्येक रॉडवर वायसर, स्प्रिंग, वायसर, नट.

आधी चारही नट बोटानं, स्प्रिंग नुसती टेकेपर्यंत. व्हर्नियरनं चारही ६०. इथून खाली ४५ पर्यंत. आटा सव्वा मिलिमीटरचा, म्हणजे नटाचा एक फेरा सव्वा मिलिमीटर, सव्वासहा किलो. बारा फेरे झाले की ७५ किलो. गाडीच्या चाकाचे नट आवळतो तसं कर्णात जायचं: वरचा डावा, खालचा उजवा, वरचा उजवा, खालचा डावा. प्रत्येकाला एकच फेरा, मग पुढचा. भाचा मोठ्यानं मोजायला लागला.

तिसऱ्या फेऱ्याला म्हणाला, "मामा, हे तर दोन बोटांनी फिरायलंय की. बसलंय का तरी?"

सातव्याला पुन्हा विचारलं. नवव्याला त्याचा हात पान्याच्या टोकाकडं सरकला, मी तो जबड्याजवळ आणून ठेवला. माझाही हात शिवशिवत होता हे कबूल करतो. नट हलका फिरतोय म्हणजे काम अपुरं आहे असं या गल्लीत लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. इथं 'हातघट्ट' ही शिवी आहे.

बारा फेरे. व्हर्नियर: ४५.०, ४५.२, ४४.९, ४५.०. प्लेटांमधलं अंतर चारही कोपऱ्यांत एकसारखं. मधल्या एका सेलच्या डोक्याला अंगठ्यानं ढकलून बघितलं, हलला नाही. चेकनट लावले. दुसऱ्या रांगेला पाऊण तास लागला, तिथं मी नुसता बसून होतो.

आता ते दोन रांगांचं कारण. एक सेल अर्धा मिलिमीटर फुगतो असं धरलं तर आठांची रांग चार मिलिमीटर वाढते. आमच्या स्प्रिंगवर चार मिलिमीटर म्हणजे रॉडला वीस किलो जादा, पंचाहत्तरचे पंचाण्णव, एकूण ३८०. सोळांच्या रांगेत वाढ आठ मिलिमीटर, आणि जोर जातो ४६० वर. प्रत्यक्षात दाबाखाली सेल तेवढा फुगत नाही, आणि आपण तिसऱ्या हिश्श्यावर आवळतोय म्हणजे थोडी वाढ आधीच झालेली आहे. पण हिशोब वाईटाचा धरावा. आणि स्प्रिंगच नसती, नुसते रॉड आणि कडक प्लेट असती, तर हा जोर कुठं गेला असता कोण जाणे. ज्यांना स्प्रिंगा नको असतात ते सेलच्या मध्ये पातळ फोम घालतात. तोही मार्ग चांगला आहे, फक्त फोम असा हवा की दहा वर्षांनी पापड होणार नाही.

१.५०

डबा. झुणका, भाकरी, कांदा. अक्काचा फोन आला. "जेवलास का रे? पोरगं नीट काम करतंय का?" मग म्हणाली, ती बॅटरी स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवू या, तिथं जागा आहे. म्हटलं, माळा नको, झोपायची खोली नको, बंद कपाट नको. मागच्या पडवीत, जमिनीला, भिंतीला बांधून. या लोह-फॉस्फेट रसायनाची वाखाणणी योग्यच आहे. १९९७ साली पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी टेक्सासात या फॉस्फेटवरचा शोधनिबंध छापला. गुडइनफना २०१९ चं नोबेल मिळालं, ते लिथियम बॅटऱ्यांवरच्या एकूण कामासाठी, आणखी दोघांबरोबर. फॉस्फेटात ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळं मोबाइलच्या बॅटरीसारखा हा सेल सहजी भडकत नाही. पण झडप फुटली तर बाहेर येणारी वाफ पेटते. ती वाफ अक्काच्या चुलीपाशी नको.

एवढं सगळं तिला सांगितलं नाही. म्हटलं, "माळ्यावर उंदीर आहेत."

२.४०

बसबार. कडक तांब्याची पट्टी दिसायला देखणी असते, पण स्प्रिंगवर श्वास घेणाऱ्या रांगेला ती चालत नाही. सेल सरकायला बघतो, पट्टी सरकत नाही, ताण टर्मिनलच्या मुळाशी. म्हणून पातळ पत्र्यांचे थर एकत्र दाबलेली, मध्ये कमान असलेली लवचीक पट्टी.

टर्मिनल ॲल्युमिनियमचं. हवेत त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. बारीक स्क्रबरनं चार वेळा घासायचं, स्पिरिटनं पुसायचं, लगेच पट्टी बसवायची. भाच्याला आळस आला तेव्हा हिशोब करून दाखवला: एका जोडात अर्धा मिलिओहम जादा राहिला आणि १०० अँपिअर वाहिले तर तिथं पाच वॉट उष्णता, टर्मिनलच्या टोकाशी. असे जोड तीसच्या वर. इथं मात्र टॉर्क पाना हवाच, आम्ही ४ न्यूटन-मीटरवर थांबतो. रॉडच्या नटाच्या तिप्पट. पोराला ही गोष्ट विचित्र वाटली, की पिटुकल्या टर्मिनलचा नट मोठ्या रॉडच्या नटापेक्षा घट्ट.

प्रत्येक पट्टी लावली की उरलेल्या टर्मिनलवर रबराची टोपी. एका वेळी उघडं फक्त ते, ज्यावर पाना आहे. दोन रांगांमधली केबल आज सगळ्यात शेवटी.

४.०५

वळीव. आधी धूळ, मग पत्र्यावर गारांचा असा आवाज की एकमेकांचं ऐकू येईना. लाइट गेली. वाऱ्यानं पाणी शटरखालून आत यायला लागलं, तेव्हा दोघांनी ताडपत्री टाकली आणि स्टूलवर पाय वर घेऊन बसलो. अर्धवट जोडलेलं काम अंधारात करायचं नाही, टॉर्चच्या उजेडातही नाही. पस्तीस मिनिटं काही केलं नाही. भाच्यानं भडंग आणलं.

५.२०

बीएमएस, म्हणजे प्रत्येक सेलवर नजर ठेवणारा बोर्ड. सोळा सेलना सतरा बारीक तारा, आणि इथं घाईला माफी नाही. एक तार एका सेलनं पुढं लागली तर कनेक्टर बसवता क्षणी बोर्डातून धूर. म्हणून कनेक्टर बोर्डात न घालता मोकळा धरायचा आणि मीटरचा काळा प्रोब पहिल्या खाचेत ठेवून लाल पुढं पुढं सरकवायचा: ३.२९, ६.५८, ९.८७. भाचा वाचत गेला, मी भिंतीवर खडूनं लिहीत गेलो. ५२.६ ला पोचलो तेव्हा घसा सुकला होता. तापमानाचे दोन सेन्सर दोन्ही रांगांच्या मधल्या सेलवर, कारण मधले सेलच जास्त तापतात. आपल्याकडं शून्याखाली चार्ज होण्याची भीती नाही, मे महिन्यातल्या पत्र्याची आहे. पंचेचाळीस अंशांवर चार्जिंग बंद, असं बोर्डाला सांगून ठेवलं.

७.१५

फ्यूज. सोळा सेलचा अंतर्गत रोध एकत्र तीन मिलिओहम, जोड आणि केबल धरून पाच म्हणा. शॉर्ट झाला तर दहा हजार अँपिअरच्या घरात. घरातली एसीची एमसीबी असला प्रवाह तोडू शकत नाही, ठिणगी तिच्या पोटात तशीच पेटत राहते. गाडीच्या ऑडिओ सिस्टीमसाठी मिळणारे ३२ व्होल्टचे फ्यूजही नकोत. क्लास टी घेतला. दुकानदार म्हणाला, एवढा महागाचा कशाला, तार टाका. हसलो. वीस वर्षांपूर्वी मीच तार टाकली असती.

वर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं झाकण, झडपांपासून चार बोटं उंच, बाजूंना जाळी. अक्काच्या घरात पाली आहेत, आणि पाल बोर्डावर बसली तर पालही जाते आणि बोर्डही.

९.००

दोन रांगा जोडल्या. चष्मे लावले. पॉवर सप्लाय ५५.२ व्होल्टला बांधला, म्हणजे सेलला ३.४५, आणि २० अँपिअर. हे अंतिम भरणं नव्हे. असं साखळीत भरून घेतलं की बसबार काढून सगळे सेल समांतर जोडायचे आणि ३.६५ पर्यंत एका पातळीवर आणायचे. पहिल्यापासूनच समांतर भरायला घेतलं असतं तर सोळा सेलची चार हजार चारशे ऐंशी अँपिअर-तासांची विहीर दहा-वीस अँपिअरच्या वाटीनं भरत आठवडा-दीड आठवडा बसलो असतो.

पहिलं चार्जिंग एकट्याला सोडायचं नाही. आज दोघंही इथंच. भाच्यानं एका लाकडी पट्टीवर पेन्सिलीनं रकाने आखले: वेळ, टक्के, आठ स्प्रिंगा.

९.०० — ४५.०, ४५.२, ४४.९, ४५.०...

रात्री १२.३०

तो दर तासाला व्हर्नियर लावत होता. साडेतीन तासांत प्रत्येक तारेवरचा व्होल्ट वर सरकलेला, हात लावला तर एकही जोड गरम नाही, आणि स्प्रिंगा जिथल्या तिथं. ४५.०. ४५.२. एक तर ४५.१ झाली, म्हणजे उलटी, रांग किंचित बारीकच झालेली.

"मामा, फुगायलाच नाही की हे. उगंच बारा फेरे मोजलं."

ग्रॅफाइट एका सरळ रेषेत फुगत नाही. टप्प्याटप्प्यानं थर भरतात, आणि मधल्या टप्प्यात त्याचं वाढणं जवळपास थांबतं. फॉस्फेट मात्र आक्रसतच असतं. त्यामुळं मधल्या भागात सेल जागेवर राहतो, कधी किंचित आत बसतो. शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात खरी वाढ. हे मी त्याला झोपेत सांगितलं असणार, कारण सांगून झाल्यावर बघितलं तर तो बाकावर आडवा झाला होता. मी खुर्ची ओढून घेतली.

पहाटे ४.२०

डुलकी लागली होती. खांद्याला धक्का बसला. भाचा टॉर्च तोंडात धरून उभा, एका हातात व्हर्नियर, दुसऱ्यात पेन्सिल. टॉर्च काढल्याशिवाय त्याला बोलता येईना, आणि हात मोकळे नव्हते. त्यानं नुसतं मानेनं पट्टीकडं दाखवलं.

४३.९, ४४.१, ४३.८, ४३.९. दुसऱ्या रांगेतही तेच.

"सारखंच हललंय," टॉर्च काढून तो म्हणाला. "चारी कोपरं." मग पाच वाजताचा रकाना आखायला बसला.